ज्येष्ठेच्या पोटातलं बिऱ्हाड

आवाहनाच्या दिवशी सकाळी हेमलता मागच्या बागेतून महालक्ष्म्यांच्या कोठ्या आणायला गेली आणि एकच कोठी घेऊन परत आली.

"धाकटी आणली," ती नवऱ्याला म्हणाली. "मोठी येत नाही म्हणते."

मुरलीधर दाढी करत होता. एका गालावर फेस, दुसरा मोकळा. "येत नाही म्हणजे? कोण म्हणते?"

"तिच्या पोटात बिऱ्हाड आलं आहे, मधमाशांचं. तुम्हीच जाऊन त्यांना समजावा. मी नाही समजावत."

या कोठ्या म्हणजे पत्र्याची दोन पोकळ धडं. वर पितळेचे मुखवटे बसवायचे, खांद्याखालच्या भोकांत हात अडकवायचे, साड्या नेसवायच्या, की ज्येष्ठा आणि कनिष्ठा दोघी बहिणी भाद्रपदात तीन दिवस माहेरपणाला उभ्या. मुरलीधरच्या आईच्या, म्हणजे भानुमतीच्या, सासूनं त्या अचलपुराहून इथे जबलपूरला रेल्वेत मांडीवर घेऊन आणल्या होत्या. तेव्हा अचलपूर आणि जबलपूर एकाच राज्यात नांदत होती. पुढे कोणीतरी नकाशावर रेघ मारली. अचलपूर रेघेच्या तिकडे गेलं, कोठ्या इकडे राहिल्या. भानुमतीचे धाकटे दीर शालिग्राम सांगतात की त्या रात्री दोन्ही मुखवट्यांनी माना वळवून नागपूरच्या दिशेनं पाहिलं होतं. शालिग्रामकाकांच्या सांगण्यातून निम्मं वजा करायचं असतं. कोणतं निम्मं, हे मात्र आमच्या घरात अजून कोणाला ठरवता आलेलं नाही.

माळ्यावर उंदीर झाले म्हणून भानुमतीनं आषाढात आखाडीलाच कोठ्या खाली उतरवल्या, तेलाचा हात फिरवला आणि बागेत भोकराच्या झाडाखाली ठेवल्या. मग विसरली. निदान ती तरी तसं म्हणते.

बाग हा शब्द मुरलीधरला मान्य नव्हता. तो 'जंगल' म्हणायचा. मदन महालच्या टेकडीवरचे काळे दगड घरंगळत थेट या प्लॉटात येऊन बसले होते, आणि त्यांच्या फटींतून भानुमतीनं टेकडीवर आपसूक उगवणारीच झाडं लावली होती: भोकर, कुडा, निर्गुडी, धायटी, तरवड. औषध मारायचं नाही, पालापाचोळा जाळायचा नाही, तो झाडाच्या बुडाशीच रचायचा आणि उन्हाळ्यात मातीच्या परळांत पाणी भरून ठेवायचं, एवढाच तिचा कायदा. त्या कायद्याखाली तिथे मुंगूस राहायला आलं, सरडे आले, फुलपाखरं तर इतकी की वाळत घातलेल्या पांढऱ्या धोतराचा संध्याकाळपर्यंत छापील कपडा व्हायचा. बुलबुल कुकरची शिटी शिकले होते. हेमलतानं त्यांच्या भरवशावर कितीदा तरी कच्ची डाळ उतरवली होती.

आणि या सगळ्यावर आता सिमेंटच्या फरश्या बसणार होत्या. मुरलीधर खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीतून निवृत्त झाला होता. पोरीचं, मनीषाचं, लग्न जमत आलं होतं. दारात गाड्या उभ्या करायला जागा पाहिजे, मांडव घालायला सपाट अंगण पाहिजे. ठेकेदार विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी येणार होता. भानुमतीनं आधी वाद घातला, मग रुसून पाहिलं, मग गप्प बसली. ती गप्प बसली तेव्हाच मुरलीधरनं सावध व्हायला हवं होतं.

सगळं घर भोकराखाली गोळा झालं. ज्येष्ठेची कोठी दगडाला टेकून उभी होती आणि डाव्या हाताच्या भोकातून लहान लहान मधमाशा कामाला निघाल्यासारख्या बाहेर पडत होत्या.

"त्यात काय एवढं?" बंडू म्हणाला. मुरलीधरचा हा धाकटा भाऊ, ओमतीच्या बाजारात त्याचं खतं-औषधांचं दुकान. "दुकानातून एक पिचकारी आणतो. चहा होईपर्यंत सगळं साफ."

हेमलता वळली. फरश्यांच्या बाजूनं घरात सगळ्यात जास्त तीच बोलायची, कारण बागेतला चिखल तिच्याच स्वयंपाकघरात यायचा. पण आता तिचा आवाज चढला. "काय म्हणालात, भाऊजी? संध्याकाळी जिला सोन्याच्या पावलांनी ये म्हणायचं, तिच्या पोटात सकाळी विष मारायचं?"

"वहिनी, मी माशांना मारून राहिलो, देवीला नाही."

"पोट कोणाचं आहे?"

बंडूच्या दुकानात या प्रश्नावर औषध नव्हतं. तो मागे सरकला.

"चलो, ते राहू द्या," मुरलीधर म्हणाला. "नवी कोठी आणू बाजारातून. मिळते."

"एक बहीण जुनी आणि एक नवी? उद्या मी तुमचा भाऊही बाजारातून बदलून आणू काय?"

"मी इथेच उभा आहे, वहिनी," बंडू म्हणाला.

"म्हणूनच म्हणून राहिली."

मग मुरलीधरनं सुचवलं, हळूच उचलून आत बैठकीत नेऊ. इतका वेळ निर्गुडीच्या बुडाशी पाला लोटत बसलेली भानुमती तेव्हा बोलली. "आत नेली तर बाहेर गेलेल्या माशा परत इथेच येतील आणि घर शोधत फिरतील. त्यांना घराची जागा पाठ असते. आणि उद्या आत पंगती बसणार. एकाला जरी चावली तर जेवण राहील बाजूला."

"मग काय करायचं, आई? तूच सांग."

"देवी बागेत बसेल."

"बागेत?"

"ती बसलीच आहे. आपण धाकटीला तिच्या शेजारी आणू, इतकंच."

मुरलीधरनं आईकडे पाहिलं. त्याला एकाएकी आखाडी आठवली, उंदीर आठवले, तेलाचा हात आठवला. "आई, तू हे मुद्दाम केलं."

"मी काय माशांना बोलावणं धाडलं होतं?"

भानुमतीला खरंच आधीपासून ठाऊक होतं की नव्हतं, यावर आमच्या घराण्यात दोन पक्ष आहेत आणि दोन्ही पक्ष एकमेकांच्या घरी महालक्ष्मीचं जेवायला जातात.

"ठीक आहे," मुरलीधर म्हणाला. "तीन दिवस बागेत. पण विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी इथे फरश्या. मग तू मध्ये यायचं नाही."

"नाही येत," भानुमती म्हणाली.

"सगळ्यांसमोर सांग."

"सगळ्यांसमोरच सांगितलं ना. नाही येत मध्ये."

तिनं शब्द दिला आणि पुन्हा पाला लोटायला लागली. पण या वेळी खराटा जरा जोरात चालत होता, हे मनीषानं पाहिलं.

मनीषाची काळजी वेगळीच होती. उद्या जेवायला विनताबाई येणार होत्या, गुणवंतची आई. गुणवंत तिला पसंत होता, त्याला ती पसंत होती. फक्त विनताबाईंचा होकार अडला होता. खमरियातलं त्यांचं क्वार्टर इतकं स्वच्छ, की झुरळसुद्धा पाय पुसून आत येतं, असं शालिग्रामकाकांनी तिला सांगून ठेवलं होतं.

"आजी, आंटी को पता चल गया तो?"

"काय पता चलेल? हळू वाकायचं, धूप लांब ठेवायचा, घंटी वाजवायची नाही. त्यांचं त्या करतात, आपलं आपण करायचं."

त्याच संध्याकाळी भोकराखाली ताडपत्री बांधली गेली आणि दोघी बहिणी उभ्या राहिल्या. ज्येष्ठेला हिरवी साडी, कनिष्ठेला लाल. भानुमतीनं ज्येष्ठेला उजवा हात लावला. डाव्या हाताच्या भोकावरून पदर असा सैल सोडला की माशांना वाट राहील.

दुसऱ्या दिवशी विनताबाई आल्या. नजर आधी पायऱ्यांवर, मग कोपऱ्यांवर, मग माणसांवर. बागेत देवी बसलेली पाहून त्यांच्या भुवया वर गेल्या.

"डावा हात कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

शालिग्रामकाका पुढे झाले. "पाठीमागे घेतला आहे, ताई. काहीतरी आणलं असेल, दाखवून नाही राहिली."

विनताबाईंना हे पटलं की नाही, कळलं नाही. त्या ओटी भरायला वाकल्या, आणि तशाच राहिल्या.

"आवाज येऊन राहिला," त्या कुजबुजल्या. "आतून."

मनीषाला वाटलं, आता संपलं.

"येणारच," शालिग्रामकाका म्हणाले. "पण सगळ्यांना ऐकू नाही येत. मागे एक कलेक्टरीणबाई आल्या होत्या. कान लावून लावून बिचारीचं कानातलं इथेच पडलं, पण देवी हूं की चूं करेल तर शप्पथ. तुम्ही मनात काही विचारलं होतं काय?"

विनताबाईंच्या गालावर रंग चढला. "विचारलं होतं. ही पोरगी घरात आणू काय, असं."

"मग? देवीनं हुंकार दिला ना!"

विनताबाईंनी डोळे मिटून हात जोडले. हेमलतानं काकांकडे असं पाहिलं की त्यांच्या पानात पुरणपोळी पडणार की नाही याची शंका यावी. पण बोलली नाही. बोलली असती तर लग्न मोडलं असतं, आणि न बोलावं तर पाप. तिनं दोन्ही गोष्टी थोड्या वेळासाठी कढीच्या पातेल्याखाली ठेवल्या आणि आत निघून गेली.

विनताबाईंनी मात्र मोबाइल काढला. आधी भिशीतल्या बायांना, मग शेजारणींना. पहिली पंगत उठायच्या आत खमरियाहून स्कूटरी येऊन दारात लागल्या. मग मदन महालची गल्ली आली. मग ज्यांना कोणीच बोलावलं नव्हतं ते आले. शालिग्रामकाका दारातच उभे होते आणि गोष्ट प्रत्येक माणसामागे थोडी थोडी वाढत होती. तिसऱ्या प्रहरी ऐकणाऱ्यांना देवी चक्क आरती म्हणत असल्याचं सांगण्यात आलं, तीही अचलपूरच्या चालीवर.

रांग लागली. रांगेला पाय असतात, आणि पायांना तेरडा दिसत नाही. कोणी चपला ठेवायला पाल्याचा ढीग लाथेनं सरकवला. मुंगूस त्यातून निघून शेजारच्या भिंतीवरून पलीकडे गेलं. कोणी प्रसाद म्हणून निर्गुडीची फांदी मोडून नेली, आणि एकानं नेली म्हणून सगळ्यांनीच नेली. भोकराला धागे बांधले गेले.

मुरलीधर हे बघत होता आणि त्याची छाती फुगत होती. फॅक्टरीत इतकी वर्षं काढली, पण साहेब लोक त्याला नावानं ओळखत नव्हते. आज त्याच साहेबांच्या बायका त्याला "भाईसाहब, जरा दर्शन" म्हणत होत्या.

"बंड्या," तो म्हणाला, "इथे गाड्या नको उभ्या करायला."

बंडूनं पाहिलं. "मग?"

"पक्का ओटा बांधू. छोटंसं मंदिर. खाली संगमरवर."

"शेड मी टाकतो, दादा. दोन-चार झाडं मात्र काढावी लागतील."

"दोन-चार काहून? सगळीच काढू. लोकांना उभं राहायला जागा नको?"

भानुमती मागे पाण्याचा जग घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं. काल बाग गाड्यांसाठी जाणार होती. गाड्यांशी भांडता येतं. आता ती देवीसाठी जाणार होती, आणि तिच्याशी कोण भांडणार? विनताबाई खुर्ची टाकून देवीशेजारी बसल्या होत्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला आपला हुंकार सांगत होत्या. त्यांच्या बाजूला मनीषा पदर सावरून उभी होती. भानुमतीनं एक शब्द बोलायचा, की पोरीचं ठरत आलेलं उधळणार. न बोलायचं, की परवापासून इथे संगमरवर.

तेवढ्यात एका बाईनं कापूर पेटवून ताट थेट कोठीच्या पोटाशी नेलं. आतला आवाज बदलला. इतका वेळ जात्यासारखा घरघरत होता, तो एकदम तारेसारखा ताणला गेला. लोकांनी हात जोडले. भानुमतीला त्या आवाजाचा अर्थ ठाऊक होता.

"मागे सरका!" ती ओरडली. "सगळे मागे! तो कापूर बाजूला घ्या!"

तिनं बाईच्या हातातलं ताट घेतलं आणि दूर दगडावर ठेवलं. मग हळू, अगदी हळू, ज्येष्ठेचा पदर बाजूला केला. भोकातून एक माशी बाहेर आली, दुसरी आली. बाहेरून आलेली एक, मागच्या पायांना परागाचे पिवळे गोळे चिकटलेली, आत शिरली.

"या मधमाशा आहेत," भानुमती म्हणाली. "सातेरी म्हणतात यांना. कोठी रिकामी दिसली, म्हणून राहायला आल्या. देवी बोलली नाही, आरतीही म्हटली नाही. जे सांगितलं ते भाऊजींनी सांगितलं."

सगळ्यांच्या माना शालिग्रामकाकांकडे वळल्या. काकांना त्याच क्षणी आठवलं की आत कढी ढवळायची राहिली आहे.

विनताबाई खुर्चीवरून उठल्या. "म्हणजे मला देवीनं काही सांगितलं नाही?"

"नाही, विनताताई," भानुमती म्हणाली. "माझ्या नातीला तुमचं घर मिळावं, असं मला फार वाटते. पण माशांच्या भरवशावर नको."

"मी सगळ्या खमरियाला फोन केले!"

भिशीतल्या बाया एकमेकींकडे बघत होत्या. विनताबाईंनी पर्स उचलली. मनीषानं ओठ दाबून धरले.

"ताई," मुरलीधर म्हणाला, आणि पुढे काय म्हणायचं ते त्यालाही ठाऊक नव्हतं. संगमरवर त्याच्या डोळ्यांसमोरून नुकताच गेला होता. त्याला राग यायला हवा होता. "ताई, माझी आई आज गप्प बसली असती, तर पोरीचं लग्न ठरत होतं. तिला ते समजत नाही, असं नाही. तरी बोलली. आमच्याकडच्या बाया अशाच आहेत. पोरगीही त्यांच्यातच वाढली. आता घ्यायची की नाही, तुमची मर्जी."

हेमलता दारात आली होती. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण नवऱ्यानं घरातल्या बायांबद्दल चारचौघांत चांगलं बोललेलं ती आज पहिल्यांदा ऐकत होती. तिनं ओला हात पदराला पुसला.

विनताबाईंनी मनीषाकडे मान वळवली. "तुला ठाऊक होतं?"

"हो, आंटी."

"मग सांगितलं काहून नाही?"

"आप इतनी खुश थीं…" मनीषाचा आवाज बारीक झाला. "आणि मला भी भीती वाटली. सॉरी."

विनताबाईंनी कोठीकडे पाहिलं. "मी इतका वेळ कान लावून होती. मला चावल्या काहून नाहीत?"

"तुम्ही हळू वाकलात," भानुमती म्हणाली. "धक्का दिला तरच चावतात."

"धक्का दिला तरच?" विनताबाईंना हसू आलं; आधी नाकातल्या नाकात, मग खुर्चीचा हात धरून. "मग तर माझ्याच जातीच्या आहेत! आमच्या गुणवंतला विचारा." त्यांनी पर्स पुन्हा खुर्चीवर टाकली. "चलो, पान वाढा. आंबील ठेवली आहे ना माझ्यासाठी? आणि पोरी, तू वाढ. सोळा भाज्यांची भाजी जरा जास्त."

रांग पांगली. बऱ्याच जणांची निराशा झाली, काही जण पदर डोक्यावर ओढून घाईनं निघाले, आणि एक-दोन म्हाताऱ्या म्हणाल्या की जिच्या पोटी इतकी लेकरं सुखानं नांदतात तिनं आणखी काय बोलायला पाहिजे. शालिग्रामकाकांना पुरणपोळी मिळाली, पण तुपाविना.

तिसऱ्या दिवशी विसर्जन. आमच्याकडे घरातल्या मोठ्या मुलानं अक्षता टाकून मुखवटे जागचे हलवायचे, की देवी गेल्या असं समजायचं. मग कोठ्या पुसून माळ्यावर. कनिष्ठेचं सगळं रीतीनं झालं. मुखवटा फडक्यात गेला, कोठी बंडूनं वर चढवली.

मुरलीधरनं ज्येष्ठेवर अक्षता टाकल्या आणि मुखवट्याला हात घातला.

"थांबा," हेमलता म्हणाली. "मुखवटा काढला तर वरून भोक पडेल. आभाळ भरून आलं आहे. पाणी आत जाणार."

"मग मुखवटा राहू दे?"

"राहू द्या."

"आणि चोरानं नेला तर?"

"हात लावून तर बघावं त्यानं," बंडू म्हणाला.

मुरलीधरनं मुखवट्यावरचा हात काढला. "मग विसर्जन कसं होणार?"

"नाही झालं," हेमलता म्हणाली. "मुखवटा जागचा हलला नाही, कोठी उठली नाही. अर्धं विसर्जन म्हणजे विसर्जन नाही. देवी अंगणात बसली असताना तिच्या पायाखालची जमीन खोदतात काय कुठे? माझ्या माहेरी तर नाही खोदत. तुमच्याकडे खोदत असतील तर खोदा."

"हेमा, तुलाच फरश्या पाहिजे होत्या!"

"पाहिजे होत्या. चिखल मी दारात पोतं टाकून पुसून घेईन."

मुरलीधरनं आईकडे पाहिलं. भानुमती मोडलेल्या निर्गुडीला काठीचा टेकू देत होती. पालाही तिनं पुन्हा झाडाच्या बुडाशी सारला होता.

"आई, तू काही बोलत नाहीस?"

"मी मध्ये यायचं नाही, असं ठरलं आहे," भानुमती म्हणाली आणि टेकूला गाठ मारली.

बंडू हसला. मुरलीधरनं त्याच्याकडे रागानं पाहिलं, मग कोठीकडे. कोणी बघत नाही असं वाटल्यावर (सगळे बघत होते) तो हळूच वाकला, आईनं सांगितलं होतं तसा, आणि ज्येष्ठेच्या पोटाला कान लावला. आत शंभर घरांतली जाती एकदम चालल्यासारखं काहीतरी होतं, गरम आणि गोड वासाचं. तो बराच वेळ तसाच राहिला.

खिशातला मोबाइल वाजला. ठेकेदार होता. मुरलीधर कोठीजवळून न हलता, आवाज खाली ठेवून बोलला.

"नहीं भैया, कल मत आओ… हाँ, आदमी वापस कर दो… अरे, माताजी बैठी हैं न अंगण में… कब उठेंगी?"

त्यानं कान पुन्हा पत्र्याजवळ नेला.

"पूछा मैंने. काम में हैं, कह रही हैं अभी टाइम नहीं है।"